खाक्याखालचा कागद

माझ्या आयुष्यातली मॅनेजरकी सगळी मिळून दीड वर्ष टिकली. ती मला कोणी दिली नव्हती, त्यामुळे काढून घ्यायलाही कोणाला फारसे कष्ट पडले नाहीत. धंदा माझ्या दोघी बहिणींचा. थोरली आक्का, धाकटी बाय, आणि मधे मी: मॅट्रिकला दोनदा आपटलेला, तिसऱ्यांदा बसायचं की मुंबईला चुलत्याकडे जायचं याचा विचार करत मालवणच्या आमच्या घराच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, बाकावर पसरलेला. त्या बाकावरून बहिणींना सूचना करणं, यालाच मी मॅनेजरकी म्हणायचो. आक्का त्याला ‘तोंडाची वाफ’ म्हणायची.

आईवडील लवकर गेले होते. वडील गणपती रंगवायचे. आणि आमच्याकडे गणपतीच्या मागची भिंत दरवर्षी नव्यानं रंगवतात, ती चार घरची भिंतही त्यांच्याकडे असायची. त्यांचा हात आक्काच्या हातात उतरला. माझ्या हातात काय उतरलं याचा शोध पुढे बरीच वर्षं चालू होता.

त्या काळी, म्हणजे पन्नास सालानंतरच्या त्या वर्षांत, लग्न ठरलं की मुलगी भरतकामाला बसायची. टेबलक्लॉथ, उशांचे अभ्रे, ताटावर झाकायचे रुमाल; सगळं रुखवतात मांडायला. पण सुईदोरा चालवायचा तर कापडावर आधी नक्षी उमटलेली हवी, आणि ती आमच्या घरी उमटायची. आक्का पातळ कागदावर पेन्सिलीनं नक्षी काढायची. मग तो कागद बाय घडी घातलेल्या घोंगडीवर पसरायची आणि मेणाच्या गोळ्यात खोवलेल्या सुईनं ती सगळी रेघ टोचत जायची, भोकाशेजारी भोक, तिळभर अंतरानं. हा टोचलेला कागद म्हणजे खाका. तो कापडावर ठेवून रॉकेलात कालवलेल्या निळीचा बोळा वरून फिरवला की भोकांतून निळे ठिपके खाली उतरायचे. खाका उचलला की कापडावर वेल हजर! इतक्या वेळा बघूनही, खाका उचलायच्या वेळी मी बाकावरून उठून आत जायचोच.

गंमत अशी की आक्काला टोचता यायचं नाही. तिचा हात मोकळा, तिला तिळातिळानं जायचा धीर नव्हता, कागद फाटायचा. आणि बायला काढता यायचं नाही. तिनं काढलेला आंबा वांग्यासारखा दिसायचा आणि वांगं कशासारखं दिसायचं ते चार माणसांत सांगण्यासारखं नाही. दोघी मिळून एक कारागीर होत्या. लोकही ‘आक्काबायची नक्षी’ असं एका दमात म्हणायचे.

आक्काचे दोन नियम होते. पहिला असा की प्रत्येक नक्षीत एक पान किडीनं खाल्लेलं काढायचं. कडेला छोटासा चावा. “सगळी पाना धड आसलेली वेल खंय बघलंस?” असं ती विचारायची. दुसरा नियम म्हणजे नवरीची नक्षी नवरीबरोबर जायची. कापड छापून झालं की आक्का खाका घडी घालून त्या मुलीच्या हाती द्यायची. पुन्हा ती नक्षी कोणासाठी काढायची नाही.

हा दुसरा नियम बायला पटायचा नाही, आणि ते तिनं लपवलंही नव्हतं. चार दिवस मान मोडून टोचायचं आणि एकदाच वापरायचं! मॅनेजर या नात्यानं मी तिची बाजू घेतली. म्हटलं, खाके पेटीत साठवले तर पुढं नुसता बोळा फिरवायचा राहील. आक्कानं पेन्सिलीचं टोक करता करता माझ्याकडं न बघताच सांगितलं, “एका पोरीची नक्षी दुसरीक दिली तर ती नक्षी रवली खंय? ती एस्टीची तिकिटा झाली.”

मी गप्प बसलो. गप्पच राहिलो असतो तर बरं झालं असतं.

पण माझा एक मित्र वालावलीचा होता. देवळातल्या उत्सवाला मी त्याच्याकडे गेलो. खाडीतून होडीनं जायचं, देवळामागचं तळं बघायचं, दोन दिवस फुकटचं जेवायचं, असा बेत. मित्राला बहीण होती. पडवीत बसून ती एका रुमालावर काहीतरी भरत होती. मी मान वाकडी करून बघितलं. मोर होता, पण त्याला कोंबडीचा आजार झाल्यासारखा दिसत होता.

“नक्षी बरी नाय?” तिनं विचारलं.

“बरी आसा,” मी म्हणालो. “पण मी काढतंय ती बघशात तर...”

आता हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं ते देवळातल्या लक्ष्मीनारायणालाच ठाऊक. मी आयुष्यात रेघ ओढली नव्हती. पण तिनं डोळे मोठे करून “तुमी काढतास?” असं विचारलं, आणि त्या डोळ्यांसमोर ‘मी नाही, माझी बहीण’ असं म्हणण्याची माझ्यात ताकद उरली नाही. उलट मी आणखी पुढं गेलो. “पुढल्या खेपेक तुमका एक आणून देतंय,” म्हणालो.

घरी आलो तेव्हा आक्का एका मोठ्या कामात होती. बाजारातल्या एका व्यापाऱ्याच्या मुलीचा टेबलक्लॉथ. चारी कडांना सुरंगीचा वळेसर. आमच्याकडच्या बायका केसांत माळतात तसा भरगच्च गजरा. आणि चारी कोपऱ्यांतून आत झुकणारी वेल. असं तिनं आधी काही केलं नव्हतं. कागद बायच्या हाती देताना ती म्हणाली, “सावकाश टोच हां. परत असा माझ्याच्यान होवचा नाय.”

बाय टोचायला बसली तेव्हा मी बाजूला जाऊन उकिडवा बसलो. थोडा वेळ बघितल्यासारखं केलं आणि म्हटलं, “बाय गो, घोंगडीचे केस सुयेक अडकतत. त्येच्यार आधी एक पातळ कागद घाल, मगे नक्षी ठेव.”

तिनं घालून बघितलं. आणि खरंच, सुई जरा सरसर चालली. म्हणजे खोटं बोलतानाही मी चुकून खरं बोललो होतो.

“दादा, तुका अक्कल आसा हां,” ती म्हणाली. “माका वाटला नुसतोच बसतंस.”

तेवढं कौतुक मला त्या घरात त्याआधी कोणी केलं नव्हतं, नंतरही नाही. चार दिवस ती टोचत होती आणि खालच्या कागदावर भोकं उतरत होती, तंतोतंत. काम झाल्यावर वरचा खाका आक्कानं घेतला. घोंगडी झटकायच्या मिषानं खालचा मी घेतला.

वालावलीला तो कागद मी कसा पोचवला, किती मखलाशी केली, ते सांगत नाही. सांगण्यासारखं त्यात एकच आहे. मित्राच्या बहिणीनं तो उजेडात धरला, बराच वेळ बघितला आणि एका ठिकाणी बोट ठेवलं.

“ह्या पान अर्धाच कित्या?”

मी म्हणालो, “घायीत रवला.”

आक्काचं खाल्लेलं पान! वडिलांनी तिला शिकवलेलं, तिनं कधी न चुकवलेलं. ते मी एका शब्दात माझी घाईगर्दी करून टाकलं. खाका चोरला यापेक्षा हे वाक्य मला जास्त टोचतं.

वर्षाच्या आत मित्रानं बातमी आणली की बहिणीचं जमलं, आणि तेही मालवणातच, एका वखारवाल्यांकडे. मी आठ दिवस एक चपाती कमी खाल्ली. नवव्या दिवशी सुरमई होती, त्यामुळे तो शोक तिथंच संपला. त्याच वखारवाल्यांच्या दुसऱ्या मुलाला आमची ती व्यापाऱ्याची मुलगी दिली होती हे मला ठाऊक होतं. दोन भावांची लग्नं एकाच मांडवात उरकायची ठरली हेही कळलं होतं. पण नवरीबरोबर तिचा टेबलक्लॉथही येतो, हे काही या मॅनेजरच्या डोक्यात आलं नाही.

लग्नाच्या दिवशी आम्ही तिघंही गेलो. बायनं आदल्या दिवशीच साडीला इस्त्री केली होती. ‘सुरंगीचा वळेसर’ रुखवतात कसा दिसतो ते तिला बघायचं होतं. मी तर मालकासारखा पुढं. मांडवाच्या एका अंगाला दोन रुखवतं शेजारीशेजारी मांडली होती. बायकांची ही गर्दी. त्या गर्दीतून आधी एक हसू आलं, मग कुजबुज, मग व्यापाऱ्याच्या बायकोचा आवाज.

“ह्या काय गो बायानू? दोघी सुनांचा एकच टेबलक्लॉथ? साच्यातसून काढलास काय?”

मी माना बाजूला करत बघितलं. दोन टेबलं. दोन टेबलक्लॉथ. एकावर पिवळ्या दोऱ्यानं भरलेला वळेसर, दुसऱ्यावर केशरी. आणि दोन्हीकडं, खालच्या डाव्या कोपऱ्यात, तिसऱ्या पानाला तोच चावा.

मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. मला वाटलं, वालावलीवालीनं भरलंय मात्र सुरेख.

व्यापाऱ्याची बायको आक्काकडं वळली. “आमच्या चेडवाक म्हणान वेगळी नक्षी काढलास ना? मग ती वालावलीक पोचली कशी? होडयेन इली?”

बायका हसल्या. आक्काचा चेहरा असा झाला की मी तो पुन्हा बघितला नाही. म्हणजे मी बघायचंच टाळलं. ती एवढंच म्हणाली, “माका दोनय खाके बघूक होये.”

वालावलीची नवरी बोहल्यावरच्या अंतरपाटापासून चार हातांवर बसली होती. तिच्या आईनं जाऊन तिला कानात विचारलं, कागद आला कुठून. तिनं मान वर केली, गर्दीतून माझ्यावर तिची नजर गेली, आणि लगेच खाली. लग्नाच्या मुलीनं परक्या पुरुषाकडून कागद घेतला, हे मांडवात कसं सांगायचं? ती म्हणाली, “त्यांच्याच घराकडसून इलो. धाकट्या बहिणीनच दिल्यान.”

मला एकदम हायसं वाटलं. ते हायसं वाटणं मी अजून विसरलेलो नाही.

घरी आलो तेव्हा अजून उजेड होता. आक्कानं दोन्ही नवऱ्यांच्या पेट्यांतून मागून आणलेले खाके ओटीवर एकावर एक ठेवले, उचलून दाराच्या उजेडात धरले. प्रत्येक भोकातून आरपार उजेड येत होता. एकही भोक चुकलं नव्हतं.

“एकावर एक ठेवन टोचलंस,” ती बायला म्हणाली. “ही टोचणी तुजीच. दुसऱ्या कोणाची आसूक शकत नाय.”

बाय गोंधळून पुढं झाली. खालचा कागद हातात घेतला. बोटांनी भोकं चाचपली. टोचणी तिचीच होती, नाही कसं म्हणणार? मग एकदम तिचं बोट थांबलं. तिला तो पातळ कागद आठवला. तिनं माझ्याकडं बघितलं.

मी खळ्यात बघत होतो. खळ्यात एक कोंबडी होती. त्या कोंबडीइतकं लक्ष मी आयुष्यात कशावर दिलं नाही.

“चार दिस टोचून एकाच पोरीक देवचा, ह्या तुका पटत नव्हता,” आक्का म्हणाली. “मगे माका तोंडार सांगायचा. चोरून कित्या?”

बायनं हातातला कागद ओटीवर ठेवला. आक्कानं थोडी वाट बघितली. मग पेन्सिल, कागद आणि सुई असलेला पत्र्याचा डबा खाली काढला आणि सुईचा मेणाचा गोळा बायसमोर ठेवला.

“आजपासून तुजी सुई तुजी. माजी पेन्सिल माजी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाय विहिरीवर पाणी काढत होती. मी रहाटाला हात लावायला गेलो, तर तिनं दोरी सोडली नाही.

“घोंगडीचे केस काय रे, दादा?”

मी म्हणालो, “मी सांगतंय तिका. दोन दिसांनी. जरा राग उतरांदे.”

“सांग,” ती म्हणाली. “मी सांगूचंय नाय. तुजा तू सांग.”

त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. मी मात्र रोज काढत होतो, मनात. दोन दिवसांनी आक्काचा उपास होता. उपाशी माणसाला कसं सांगायचं? मग पाऊस लागला, कौलं शाकारायची होती. मग गणपती आले. गणपतीत घरात वाद नको. गणपती गेल्यावर मी जरा खचलो होतो. मग शिमगा. शिमग्यात सांगितलं तर तिला थट्टा वाटेल असं वाटलं. अशी मी सगळी पंचांगं वापरली. आंब्याच्या दिवसांत तर सांगायचं अगदी ओठांवर आलं होतं, पण तोंडात आंबा होता.

धंदा आधी लंगडायला लागला, मग बसला. आक्का स्वतः टोचायला गेली की कागद फाटायचा. दोन मुलींच्या चादरींवर निळीचे ढग उतरले. बायनं एकदा चिडून स्वतः नक्षी काढली. हंस होते. शेजारीण म्हणाली, “बदकां बरी काढलंस.” बायनं तो कागद चुलीत घातला. एकाच घरात दोघी राहायच्या, एकाच चुलीवर शिजायचं, पण बोलणं माझ्यामार्फत. “तिका सांग, मीठ संपला.” “तिका सांग, माका ठाऊक आसा.” एवढी मॅनेजरकी शेवटी माझ्या वाट्याला आली.

दोन वर्षांनी बायचं लग्न ठरलं, कसालला. तिठ्याजवळ दुकान असलेलं घर, मुलगा शांत. आक्कानं सगळं केलं. लाडू, करंज्या, पापड. पितळेची भांडी चकचकीत. एक गोष्ट कमी नाही. रुखवत मांडलं तेव्हा मधोमध ताटावर बायचा रुमाल होता. पांढरा. कडा दुमडून शिवलेला, आणि कोरा. अर्ध्या मालवणच्या मुलींची कापडं जिच्या सुईनं सजली, तिच्या रुखवतात एक ठिपका नव्हता.

एका बाईनं विचारलंच. “गो, तुजोच रुमाल कोरो?”

“येळ मेळूक नाय,” बाय म्हणाली.

आणि मी, जिथं तोंड उघडायचं तिथं दोन वर्षं न उघडणारा मी, तिथं पुढं होऊन म्हणालो, “दिव्याखाली काळोख, दुसरा काय!” सगळे हसले. बायही हसली. आक्का पदराला हात पुसत आत गेली. मला वाटलं, आत्ता जाऊन सांगावं. आत गेलोही. आक्का पाठमोरी उभी होती. मी विचारलं, “पाणी होया?” ती म्हणाली, “नको.” मी बाहेर आलो.

पुढच्या वर्षी बायला दिवस गेल्याचं कसालच्या बसच्या कंडक्टरनं सांगितलं. म्हणजे सांगावा तिच्या सासूनं दिला होता, पण आमच्या घरात बातम्या अशाच यायला लागल्या होत्या. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. आक्कानं बोलावणं पाठवलं नाही, आणि न बोलावता बाय यायची नाही. सातवा महिना गेला. एकदा मी आक्काच्या ट्रंकेत काहीतरी शोधत होतो. काय ते विचारू नका, सापडलं नाही. तळाशी एक गुंडाळी सापडली. कुंची होती. म्हणजे तान्ह्या बाळाच्या डोक्यावरून पाठीवर सोडतात ती कुंची; तिची नक्षी. सुरंगीचा वळेसर, पण बारीक, बाळाच्या मापाचा. कडेला इवलीशी वेल. एका पानाला चावा. खाली तसाच आणखी एक कागद, आणि त्याखाली आणखी एक. तिनं ती नक्षी किती वेळा काढली होती, कोण जाणे. एकही टोचलेली नव्हती. टोचणार कोण?

मी गुंडाळी घेऊन स्वयंपाकघरात गेलो. आक्का विळीवर नारळ खवत होती.

“तो दुसरो कागद बायन घालूक नाय,” मी म्हणालो. “मी घालूक सांगलंय. घोंगडीचे केस लागतत म्हणान. वालावलीक मीच दिलंय. नक्षी माजी म्हणान.”

आक्का खवत राहिली. ओलं खोबरं संपलं तरी तिचा हात थांबला नाही. करवंटीचा काळा चुरा पांढऱ्या खोबऱ्यात पडू लागला, तेव्हा कुठं तिनं खाली बघितलं.

“आणि खाल्लेला पान?” तिनं विचारलं. “तेचा काय सांगलंस तिका?”

तीन वर्षांत मी हजार प्रश्नांची उत्तरं तयार करून ठेवली होती. हा त्यात नव्हता.

“घायीत रवला म्हटलंय.”

तिनं खोबऱ्याचं ताट बाजूला सारलं. मला वाटलं, आता करवंटी येते डोक्यात. मी डोळे मिटले. ती उठली, कपाटावरून बायच्या सुईचा मेणाचा गोळा काढला. बाय सासरी जाताना तो मागं ठेवून गेली होती. घोंगडी काढली, घडी घातली, आणि कुंचीची एक नक्षी वर पसरली.

“टोच.”

“माका जमाचा नाय गो.”

“शिरा पडली तुज्या तोंडार. टोच.”

मी पाच दिवस टोचलं. सुई रेघेवरून घसरायची, बोटात जायची. पान टोचायला गेलो की त्याची कड तुटायची. एक फूल दोन फुलांएवढं झालं. मान अशी धरली की वळून बघायचं तर अख्खं अंग वळवावं लागायचं. बायनं वर्षानुवर्षं हे केलं होतं आणि मी बाकावरून तिला ‘जरा भरभर’ म्हणालो होतो. त्या पाच दिवसांत आक्का माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. जेवण वाढायची आणि ताट जरा जोरात ठेवायची. सहाव्या दिवशी खाका, नीळ आणि एक मऊ पांढरं कापड पिशवीत घालून पिशवी माझ्या हातात दिली. कसालच्या बसचा हॉर्न वाजत होता.

बाय पडवीत तांदूळ निवडत होती. पोट चांगलंच दिसत होतं. मी पिशवी पुढं केली. तिनं आधी नक्षी बघितली. म्हणजे उजेडात धरून आक्काची रेघ बघितली. मग भोकं बघितली.

“ह्या कोणी टोचल्यान? कोंबड्यान?”

मी बोटं मुठीत लपवली.

“आक्का एकच पान किडीक देता,” ती म्हणाली. बोट भोकांवरून फिरत होतं. “हंय सगळी वेल खाल्लेली आसा.” मग बोट थांबलं, तसंच, जसं त्या दिवशी थांबलं होतं. या वेळी मी तिच्याकडं बघितलं. तिथंही अंगणात कोंबड्या होत्या, पण बघितलं.

“सांगलंस तू.”

“सांगलंय.”

“तीन वर्सा लागली रे दादा, दोन दिसांक.”

ती हसत होती की रडत होती ते मला नीट कळलं नाही. तांदळाचं सूप तिनं मांडीवरून उतरवलं आणि पदर तोंडाला लावला. मग विचारलं, “आक्का काय म्हणाली?”

“कायएक नाय. टोच म्हणाली.”

“जमला तुका?”

मी बोटं दाखवली. ती म्हणाली, “बरा झाला.”

आठ दिवसांनी आक्का स्वतः बसमधून कसालला उतरली आणि तिला घेऊन आली. दोघी एकमेकींशी काय बोलल्या ते मला माहीत नाही. मला माजघरात येऊ दिलं नाही. बाहेर बाकावर बसून मी एवढंच ऐकलं की आक्का विचारत होती, “पाय सुजतत काय गो?”

धंदा पुन्हा सुरू झाला, पण पहिल्यासारखा नाही. बाय मुलीला घेऊन कसालला परत गेली. आक्का इथं नक्षी काढायची, गुंडाळी करून सकाळच्या बसच्या कंडक्टरकडे द्यायची. चार-सहा दिवसांनी बायनं टोचलेला खाका संध्याकाळच्या बसनं यायचा. स्टँडवर पोचवायचं आणि आणायचं काम माझं. गुंडाळी उघडून बघायची मला परवानगी नव्हती. वालावलीच्या त्या मुलीला मी बाजारात अनेकदा लांबून बघितलं. आक्काला खरं सांगितलं हे तिला कळवायला हवं होतं, तिच्यावरचं खोटंही उतरायला हवं होतं. ते मी केलं नाही. तिथं मला अजून पंचांग सापडायचं आहे.

कुंची बायनं माझ्या भोकांवरूनच छापली आणि तशीच भरली, एकही ठिपका न सुधारता. दोन फुलांएवढं फूल, तुटकी पानं, सगळं. तिच्या मुलीनं घातली, मग धाकट्यानं. कोणी विचारलं, ही कसली नक्षी, तर बाय माझ्याकडं बोट दाखवते.

आणि मी कसालला गेलो की चहा येतो. ताटात चहा, बाजूला खोबऱ्याची वडी. वर झाकलेला तो पांढरा रुमाल. एकदा मी म्हटलं, “बाय गो, आक्का आसा, तू आसंस, आता तरी ह्येच्यार कायतरी काढा. मी टोचतंय होया तर.”

“नको,” ती म्हणाली. “ह्यो तसोच रवांदे.”

तिनं ते रागानं म्हटलं नव्हतं. रुमाल उचलून नीट घडी घालून मांडीवर ठेवला आणि म्हणाली, “घे, थंड जाता.” मी चहा घेतला.